‘माझ्याच पेशी माझ्या भावाला त्रास देतायत’

पत्र:

ताई, माझा धाकटा भाऊ ३१ वर्षांचा आहे. मागच्या वर्षी त्याला एएमएल, म्हणजे रक्ताचा कॅन्सर निघाला. केमोने आटोक्यात आला पण परत उलटायची भीती जास्त म्हणून डॉक्टरांनी ट्रान्सप्लांट सांगितलं. घरात फक्त माझं एचएलए जुळलं, १० पैकी १०. पाच दिवस इंजेक्शनं घेतली आणि मशीनवर पडून स्टेम सेल दिल्या. पेशी रुजल्या, सगळे खूश. मग ३४व्या दिवशी त्याच्या तळहातांवर लाल पुरळ आलं, पाठोपाठ जुलाब, परत ॲडमिट. स्टेरॉइडने ते बसलं. आता आठवा महिना चालूय तर डोळे कोरडे, काहीही खाल्लं की तोंडात आग, हातांची कातडी ओढल्यासारखी. डॉक्टर म्हणतात जीव्हीएचडी आहे, डोनरच्या पेशी त्याच्या शरीरावर हल्ला करतायत. डोनर म्हणजे मीच ना. एक नातेवाईक सगळ्यांसमोर म्हणाले, बहिणीचं रक्त बाधलं. तेव्हापासून मी त्याच्याकडे गेलेच नाहीये. मॅच पूर्ण होतं तर असं का झालं? मला दोन मुलगे आहेत, बाळंतपणं झालेल्या बाईच्या पेशी जास्त त्रास देतात असं वाचलं, ते खरं का? डॉक्टर एकदा म्हणाले की थोडं जीव्हीएचडी असलेलं बरंच असतं, ते ऐकून मला इतका राग आला. मी परत पेशी दिल्या तर काही सुधारेल का? तो फार चिडचिडा झालाय, दोनदा जुलाब झाले तेही लपवले, का तर परत ॲडमिट करतील. मी काय करू?

उत्तर:

अगं, आधी एक गोष्ट. आज तुझ्या भावाच्या अंगात जे रक्त फिरतंय ते तू दिलेल्या पेशींनी बनवलेलं आहे. लाल पेशी, प्लेटलेट, पांढऱ्या पेशी, सगळं. त्याच्या स्वतःच्या बोनमॅरोतून, म्हणजे हाडांच्या आतल्या मगजातून, कॅन्सर येत होता, तो केमोने मोकळा केला आणि तिथे तुझ्या पेशींनी घर केलं, आठ महिने तो त्यांच्यावर जगतोय. ‘बहिणीचं रक्त बाधलं’ म्हणणाऱ्याला हे कुणी सांगितलं नसणार. मी ट्रान्सप्लांट वॉर्डात बरीच वर्षं नर्स होते आणि तुझं हे वाक्य, माझ्याच पेशी त्याला खातायत, मी कितीतरी भावांच्या आणि बहिणींच्या तोंडून ऐकलंय, बहुतेकदा कॉरिडॉरमध्ये, पेशंटला ऐकू जाणार नाही अशा आवाजात. पेशंटची चौकशी सगळे करतात, डोनरला सुया काढल्यावर फारसं कुणी विचारत नाही. म्हणून तुला नीट, सगळं सांगते, काही लपवत नाही, कारण तू अर्धवट वाचलंयस आणि त्यानेच जास्त त्रास होतोय.

मॅचचं आधी. एचएलए म्हणजे पेशीच्या अंगावरचं ओळखपत्र समज. त्याची जीन्स सहाव्या क्रोमोसोमवर असतात, एक संच आईकडून, एक वडिलांकडून, म्हणून सख्ख्या भावंडांत पूर्ण जुळायची शक्यता चारात एक. १० पैकी १० म्हणजे पाच जीन्स, प्रत्येकाच्या दोन-दोन प्रती, सगळ्या जुळल्या. तुझं मॅच चुकलेलं नाहीये, रिपोर्ट बरोबरच आहे. पण हे कार्ड नुसतं कार्ड नसतं, पेशीच्या आत जी प्रथिनं बनतात त्यांचे बारीक तुकडे या कार्डावर लावून पेशी बाहेर दाखवत असते, आणि टी पेशी, म्हणजे पहारा देणाऱ्या पांढऱ्या पेशी, येऊन ते तपासतात. कार्ड तुमचं दोघांचं सारखं, पण तुकडे? तू आणि तो जुळे नाही आहात, तुमच्या हजारो प्रथिनांत थोडा थोडा फरक आहे, आणि तो पुरुष आहे त्यामुळे त्याच्यात वाय क्रोमोसोमवरून बनणारी प्रथिनं आहेत जी तुझ्या शरीरात कधी बनलीच नाहीत. तुझ्या टी पेशी तिथे गेल्या, कार्ड बघितलं, ठीक आहे, पण वरचा तुकडा अनोळखी. त्यांना आयुष्यभर हेच शिकवलं गेलंय की अनोळखी दिसलं की हल्ला करायचा. त्यांच्यात काही दोष नाही गं, त्या अगदी निरोगी आहेत म्हणून हे करतायत. मॅच पूर्ण असताना जीव्हीएचडी का होतं याचं उत्तर एवढंच आहे. मॅच नसतं तर याहून कितीतरी जोरात झालं असतं.

आता मुलांचं. हो, तू वाचलंस ते खरं आहे, आणि कुणीतरी अर्धंच सांगितलं तर मनात राहील म्हणून पूर्ण सांगते. पोटात मुलगा वाढत असतो तेव्हा त्याच्या थोड्या पेशी आईच्या रक्तात येतात, त्यामुळे आईच्या टी पेशींची त्या पुरुषी प्रथिनांशी आधीच एकदा गाठ पडलेली असू शकते आणि काही पेशी ते लक्षात ठेवतात. म्हणून डोनर बाई, त्यातून मुलं झालेली, आणि पेशंट पुरुष, अशा जोडीत क्रॉनिक, म्हणजे उशिरा येऊन लांबत जाणाऱ्या, जीव्हीएचडीचं प्रमाण जास्त दिसतं. हे डॉक्टरांना तुझं नाव ठरवताना माहीत होतं. तरी तुला निवडलं कारण पूर्ण जुळणारी सख्खी बहीण हा खूप चांगला पर्याय असतो, आणि बाहेरचा डोनर शोधण्यात जे आठवडे जातात त्यात एएमएल उलटू शकतो. आणि याची दुसरी बाजू लोक सांगत नाहीत, ती अशी की याच जोडीत, बहिणीकडून भावाला, कॅन्सर उलटायचं प्रमाण कमी दिसलंय. त्याच पेशी, तीच सवय. तुझ्या मुलांचा यात काही दोष शोधू नकोस, मनातसुद्धा.

शिवाय एकट्या तुझ्या पेशींनी हे झालेलं नाही. ट्रान्सप्लांटच्या आधी जी जोरदार केमो दिली तिने कॅन्सर मारला पण आतड्याचं अस्तरही सोललं गेलं, तिथून जंतूंचे अंश रक्तात झिरपले, सगळीकडे धोक्याचे सिग्नल सुटले, आणि तुझ्या पेशी बरोब्बर त्या गोंधळात उतरल्या. आग आधीच लागलेली होती आणि शेजारून आलेल्या माणसाला वाटलं घरात चोर शिरलेत, असं काहीसं. कातडी, आतडं आणि लिव्हर या तीन ठिकाणी पहिलं, म्हणजे ॲक्यूट, जीव्हीएचडी दिसतं, आणि तुझ्या भावाला ३४व्या दिवशी तळहातांवर आलं आणि मग जुलाब, हे अगदी नेहमीचं चित्र आहे. आणखी एक, स्टेम सेल रक्तातून काढल्या की त्यांच्याबरोबर तयार टी पेशीही बऱ्याच जातात, बोनमॅरोतून काढल्या की कमी. २०१२ साली आलेल्या एका मोठ्या अभ्यासात, त्यात डोनर नात्याबाहेरचे होते, रक्तातून घेतलेल्यांत दोन वर्षांत क्रॉनिक जीव्हीएचडी ५३ टक्के आणि बोनमॅरोतून घेतलेल्यांत ४१ टक्के होतं, जगण्याच्या प्रमाणात मात्र फरक नव्हता. रक्तातून घेतलेल्या पेशी लवकर रुजतात हा त्यांचा फायदा. ही निवड डॉक्टर करतात, तू नाही केलीस.

डॉक्टरांच्या त्या वाक्यावर येते, कारण तुझा राग मला समजतोय आणि तरीही ते वाक्य खरं आहे. बोलण्याची पद्धत चुकली, भाऊ समोर तडफडत असताना ‘असलेलं बरंच’ असं कुणी म्हणू नये, निदान मागे दोन वाक्यं समजावून तरी सांगावीत. ती मी सांगते. १९५६ साली इंग्लंडमध्ये बार्न्स, लूटिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ल्युकेमिया झालेल्या उंदरांना रेडिएशन देऊन मग बोनमॅरो दिली. ज्यांना आपल्याच जातीच्या उंदराची मॅरो मिळाली त्यांच्यात ल्युकेमिया परत आला. ज्यांना परक्या जातीची मिळाली त्यांच्यात ल्युकेमिया परतला नाही पण ते उंदीर दुसऱ्याच आजाराने खंगून मेले, तो दुसरा आजार म्हणजेच आजचं जीव्हीएचडी. माणसांतही तेच निघालं. १९९० साली २,२५४ पेशंटचा अभ्यास प्रसिद्ध झाला, सगळे जुळणाऱ्या भावंडांकडून किंवा जुळ्यांकडून पेशी घेतलेले, त्यात ज्यांना जीव्हीएचडी झालं त्यांच्यात ल्युकेमिया उलटायचं प्रमाण कमी, आणि एकसारख्या जुळ्या भावंडाकडून पेशी घेतलेल्यांत जास्त. म्हणजे तू त्याची हुबेहूब जुळी असतीस, एकही फरक नसता, तर ना पुरळ आलं असतं ना जुलाब, पण कॅन्सर परत यायची भीती वाढली असती. कारण केमोनंतरही लपून राहिलेल्या चार कॅन्सर पेशी तुझ्या टी पेशींना दिसतात त्या याच ‘अनोळखी तुकड्या’मुळे. एएमएलला ट्रान्सप्लांट करतात ते नवीन रक्त बनावं म्हणून, आणि तेवढंच नाही तर ही पहारेकरी फौज मिळावी म्हणूनही.

मग तुझ्या टी पेशी आधीच गाळून का नाही टाकल्या, असं तुला वाटेल. करून बघितलंय ते. १९८०च्या दशकात टी पेशी काढून मॅरो द्यायचे, जीव्हीएचडी खरंच कमी झालं, पण पेशी न रुजण्याचं प्रमाण वाढलं आणि ल्युकेमियाही जास्त उलटायला लागला. आज काही ठिकाणी जास्त बारीक निवड करून पेशी गाळतात, आणि बऱ्याच ठिकाणी ट्रान्सप्लांटनंतर ३ऱ्या-४थ्या दिवशी सायक्लोफॉस्फमाइड नावाचं केमोचं औषध देतात, जेणेकरून ज्या टी पेशी सगळ्यात आधी चवताळून वाढायला लागतात त्याच मराव्यात आणि बाकीच्या उराव्यात. पण सगळी फौज काढून टाकणं हा उपाय नाही हे एव्हाना सगळ्यांना पटलंय. आणि म्हणून सांगते, डॉक्टरांचं ‘थोडं’ हे फार महत्त्वाचं आहे त्या वाक्यात. हलकं जीव्हीएचडी कॅन्सर दूर ठेवायला मदत करतं, जोराचं जीव्हीएचडी आणि त्यासाठीची जोराची औषधं स्वतःच जिवावर येऊ शकतात. भावाला होणारा त्रास सहन करत राहायला हवा असा त्याचा अर्थ अजिबात नाही.

आणि परत पेशी देण्याचं म्हणतेस, तर आत्ता नाही. आत्ता आणखी पेशी म्हणजे पेटलेल्यावर आणखी लाकडं. उद्या कधी कॅन्सरने डोकं वर काढलं, तसं न होवो, तर डॉक्टर तुला बोलावून तुझ्या लिम्फोसाइट्स मागतील, मुद्दाम त्याच लढाऊ पेशी. १९९०पासून हा उपाय वापरात आहे. तेव्हा विचारतील, आज तुझ्याकडून काहीही कमी पडलेलं नाही.

मला जी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते ती आता सांगते, ही मला वॉर्डातल्या एका सीनियर डॉक्टरांनी एका कंटाळवाण्या नाइट ड्युटीला कागदावर चित्र काढून समजावली होती आणि त्यानंतर मी ती कितीतरी डोनरना सांगितली. तुझ्या भावाच्या अंगात तुझ्या टी पेशींच्या दोन पिढ्या आहेत. पहिली पिढी पिशवीतून तयार होऊन गेलेली, तुझ्या शरीरात वाढलेली, तुझं शरीर म्हणजे आपलं घर असं शिकलेली. सुरुवातीचा हल्ला करणारी ती. दुसरी पिढी तुझ्या स्टेम सेलपासून पण त्याच्या शरीरात जन्मणारी, ती छातीत हाडाच्या मागे थायमस नावाची जी ग्रंथी असते तिथे शिकते, आणि ती ग्रंथी त्याची आहे, तिथे जी टी पेशी त्याच्या शरीरावर धावून जाते तिला बाद केलं जातं. म्हणजे रक्त तुझं पण शिकवण त्याची. हीच पिढी पुढे त्याला आपलं मानते. फक्त हे हळू होतं, मोठ्या माणसाचा थायमस आक्रसलेला असतो, आणि वाईट हे की जीव्हीएचडी थायमसलाच जखमी करतं, मग शिकवणी नीट होत नाही आणि अर्धवट शिकलेल्या पेशी बाहेर पडतात, क्रॉनिक जीव्हीएचडी लांबतं त्यामागे हेही एक कारण आहे. क्रॉनिकमध्ये नुसत्या टी पेशी नसतात, बी पेशी चुकीच्या अँटिबॉडी बनवतात, मॅक्रोफेज नावाच्या पेशी जखम भरायच्या नादात कातडीखाली घट्ट धागे विणत बसतात, त्याची कातडी ओढल्यासारखी होतेय ते त्यामुळे. आणि या सगळ्यांना आवर घालणाऱ्या रेग्युलेटरी टी पेशी असतात, त्या कमी पडतात. या आवर घालणाऱ्या पेशींच्या शोधासाठी २०२५चं नोबेल साकागुची, ब्रंकाव आणि रॅम्सडेल यांना मिळालं, बातमी वाचली तेव्हा मला वॉर्डातली सगळी माणसं आठवली.

तर औषधांचं काम म्हणजे नवीन पिढीला शिकायला वेळ मिळवून देणं. बऱ्याचदा दोन-तीन वर्षं औषधं चालतात, मग हळूहळू कमी करत बंद होतात, काहींना जास्त वेळ लागतो. स्टेरॉइडने भागलं नाही तर आता पर्याय आहेत, रुक्सोलिटिनिब हे औषधांना परवानगी देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएने ॲक्यूटसाठी २०१९मध्ये आणि क्रॉनिकसाठी २०२१मध्ये मान्य केलं, २०२१मध्येच बेलुमोसुडिल आलं, मॅक्रोफेजवर काम करणारं ॲक्साटिलिमॅब २०२४मध्ये. फोटोफेरेसिस म्हणून एक प्रकार आहे, त्यात रक्त मशीनमध्ये घेऊन पांढऱ्या पेशींवर औषध आणि अल्ट्राव्हायोलेट प्रकाश टाकून परत सोडतात, त्याने एकूण प्रतिकारशक्ती फारशी दाबली जात नाही. कुठलं त्याला लागू आहे ते त्याचे डॉक्टर ठरवतील, मी नाही ठरवू शकत, पण स्टेरॉइड संपलं की सगळं संपलं असं घरात कुणी समजत असेल तर तसं नाहीये.

आता त्याने जुलाब लपवले ते. इथे मी जरा कडक होते. वॉर्डात एका मुलाने असेच चार दिवस लपवले होते, आईला कळू नये म्हणून बाथरूमचा नळ सोडून ठेवायचा, आणि आला तेव्हा इतका सुकलेला की किडनीवर ताण आला. बरा झाला तो, पण ते चार दिवस आमच्या सगळ्यांच्या जिवाला घोर लावून गेले. भावाला सांग की डॉक्टर जुलाब मोजतात, अक्षरशः मिलिलिटरमध्ये, दिवसाला ५०० मिलिच्या वर गेले की ते आतड्याचं जीव्हीएचडी म्हणून धरायला लागतात आणि तिथून पुढे मापाप्रमाणे स्टेज चढते. लवकर पकडलं तर थोड्या औषधात भागतं, उशीर झाला तर डोस मोठा आणि मुक्कामही मोठा, म्हणजे लपवून तो ज्याला घाबरतोय तेच ओढवून घेतोय. दुसरं म्हणजे प्रत्येक जुलाब जीव्हीएचडीच असेल असं नाही, सीएमव्ही नावाचा व्हायरस असू शकतो, जंतू असू शकतात, एखाद्या औषधाचा परिणाम असू शकतो, आणि इथे गंमत नाहीये कारण उपचार एकमेकांच्या उलट आहेत, जीव्हीएचडी असेल तर प्रतिकारशक्ती दाबायची आणि इन्फेक्शन असेल तर तिला वाव द्यायचा. म्हणून दुर्बीण घालून आतड्याचा छोटा तुकडा काढून तपासतात. घरी बसून अंदाजाने जुलाब थांबवायची गोळी घेणं हे म्हणूनच धोक्याचं. आणि १०० दिवस उलटले म्हणजे पहिल्या प्रकारचं जीव्हीएचडी परत येत नाही असंही नाही, औषध कमी करताना ते परत येऊ शकतं.

त्याची चिडचिड मात्र मनावर घेऊ नकोस. स्टेरॉइड माणसाची झोप उडवतं, भूक वाढवतं, चेहरा सुजवतं, शुगर चढवतं, मांड्यांतली ताकद काढून घेतं, आणि मनाचं काय करतं ते घरातल्यांनाच कळतं. तुला वाटतंय तो तुझ्यावर रागावलाय, मला नाही वाटत. बराचसा राग गोळीचा आहे. पण हे डॉक्टरांना सांगायला हवं, आणि त्याने कंटाळून स्टेरॉइड एकदम बंद केलं तर जीवघेणं होऊ शकतं, हे घरात प्रत्येकाला माहीत पाहिजे. तसंच, टॅक्रोलिमस किंवा सायक्लोस्पोरिन ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील तर लेव्हलचं रक्त, म्हणजे रक्तात औषध किती आहे ते मोजायचं, ज्या दिवशी द्यायचंय त्या सकाळची गोळी रक्त दिल्यानंतर घ्यायची, आधी घेतली की आकडा चुकतो आणि त्या चुकीच्या आकड्यावर डोस बदलला जातो, ही चूक मी पाहिलेल्या चुकांत सगळ्यात जास्त वेळा होणारी. बुरशीची औषधं, ग्रेपफ्रूट, जडीबुटी यांनी त्या लेव्हल हलतात, अंगदुखीच्या काही गोळ्या किडनीला त्रास देतात, म्हणून कुणी कितीही प्रेमाने आणून दिलं तरी विचारल्याशिवाय काही घ्यायचं नाही.

क्रॉनिकमध्ये मला सगळ्यात जास्त काळजी फुप्फुसाची वाटते, डोळे-तोंड त्रास देतात म्हणून सगळ्यांचं लक्ष तिकडे जातं आणि फुप्फुस गप्प बसून खराब होत राहतं. बारीक श्वासनलिका आतून आवळत जातात आणि एकदा आवळल्या की पूर्ववत होणं अवघड. सुरुवातीला काहीच जाणवत नाही, मग जिने चढताना दम, कोरडा खोकला, आणि घरात म्हणतात आजारातून उठलाय, अशक्तपणा असेल. म्हणून श्वासाची फुंकर मारायची टेस्ट, पीएफटी, ठरलेल्या वेळी व्हायलाच हवी, काही त्रास नसतानाही. शेवटची कधी झाली ते विचार त्याला. झाली नसेल तर पुढच्या भेटीत पहिलं तेच काढा.

बाकीचं पटकन सांगते. डोळ्यांना प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले थेंब आणि बाजूने बंद असणारा चष्मा, आणि डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवणं. तोंडासाठी स्टेरॉइडच्या गुळण्या असतात, लाळ कमी झाल्याने दात लवकर किडतात म्हणून दातांच्या डॉक्टरांकडेही जायचं. ऊन टाळायचं, उन्हाने कातडीचं जीव्हीएचडी भडकतं, सनस्क्रीन आणि पूर्ण बाह्या. ताप १००.४ फॅरेनहाइट किंवा वर गेला तर रात्रीचे तीन असले तरी फोन, सकाळची वाट बघायची नाही, क्रॉनिक जीव्हीएचडीत रक्त दिसायला चांगलं असतं पण प्रतिकारशक्ती कच्ची असते, न्यूमोकॉकससारखे जंतू काही तासांत गाठतात. बालपणीच्या लसींची आठवण पुसली जाते, त्यामुळे लसी परत पहिल्यापासून घ्याव्या लागतात, त्याचं वेळापत्रक मागून घ्या, आणि जिवंत जंतूंच्या लसी दोन वर्षांच्या आत नाहीत, जीव्हीएचडी किंवा ती औषधं चालू असताना तर नाहीतच. जननेंद्रियाच्या जागीही कोरडेपणा, दुखणं, कातडी आवळणं होऊ शकतं, पुरुषांनाही, तो बहिणीशी हे बोलणार नाही आणि बहुतेक डॉक्टरांशीही स्वतःहून नाही, तर तू फक्त एवढं म्हण की असं होऊ शकतं आणि त्याला औषध आहे, पुढे विचारू नकोस.

आणि तू त्याच्याकडे जात नाहीयेस त्याचं. जा गं, या रविवारीच जा. तुझ्या जवळ असण्याने त्याच्या आतल्या पेशींना काही होत नाही, त्या आता त्याच्या आहेत. सर्दी-खोकला असेल तर मात्र नको, तू आणि मुलांनी फ्लूची लस घेतलेली असू दे, आणि मुलांच्या डॉक्टरांना सांगून ठेव की मामाचं ट्रान्सप्लांट झालंय, म्हणजे कुठली लस दिल्यावर किती दिवस मुलांना त्याच्यापासून लांब ठेवायचं हे ते सांगतील, तोंडावाटे देतात त्या पोलिओच्या थेंबांचं तर मुद्दाम विचार. त्या नातेवाइकांना उत्तर द्यायचं असेल तर भावालाच देऊ दे, तो देईल.

गेलीस की त्याला नमस्कारासारखे दोन्ही तळवे एकमेकांवर पूर्ण टेकवून कोपरं वर उचलायला सांग. कातडीखालचे धागे आवळायला लागले की तळव्यांमध्ये फट राहते, मनगट मागे वळत नाही, आणि हे रोज बघणाऱ्याला कळत नाही. मोबाइलवर फोटो काढ, तारीख टाक, दर महिन्याला त्याच कोनातून परत एक काढ, आणि पुढच्या वेळी डॉक्टरांना ते ओळीने दाखवा. फट वाढतेय असं दिसलं तर पुढच्या तारखेपर्यंत थांबू नका, फोन करून आधीची तारीख मागा.